तळा वगळून

या, असे जवळ सरकून बसा. सतरंजीचा हा कोपरा मोकळा आहे आणि कीर्तनाला अजून अवकाश आहे. बुवांची गाडी आत्ता म्हसळ्याच्या पुढे निघाली, असा निरोप आलाय. तेवढ्या वेळात एक गोष्ट सांगतो. तो समोर पखवाज ठेवलाय ना, खोळ काढून, त्याच्याकडे बघत बघत ऐका. गोष्ट दोन गुरुबंधूंची आहे आणि मोबाईलवरच्या एका जाहिरातीची आहे. जाहिरात दिसत नव्हती, तक्रार म्हणाल तर एवढीच. पण ती का दिसत नव्हती, हे एका माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि त्याच्या तोंडून ते वेळेवर बाहेर पडलं नाही.

बोर्ली पंचतनच्या बाजारातून देवळाकडे वळलं की रघू मिस्त्रींचं घर लागतं. घराचा ओटा हेच त्यांचं दुकान. वर पत्रा, भिंतीला टांगलेली पखवाजांची खोडं, कोपऱ्यात चामड्याच्या पट्ट्यांची, म्हणजे वाद्यांची, भेंडोळी. आपल्या भागात सप्ताह कुठेही बसो, त्या आधी पंधरा दिवस रघू मिस्त्रींना मान वर करायला फुरसत नसते. पखवाजाच्या उजव्या तोंडावर तो काळा गोल दिसतो ना, ती शाई. शिजलेला भात आणि लोखंडाची बारीक पूड एकजीव मळायची, पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा थर. त्या घोटायच्या दगडाला घोटा म्हणतात. तळहातात मावतो एवढासा असतो.

तर रघूच्या साऱ्या दुःखाचं मूळ असा एक दगड होता.

रघूचे गुरू काळूराम मिस्त्री तळ्याचे, म्हणजे माणगावपलीकडच्या तळा गावचे. त्यांच्या हाताखाली दोघे शिकले, बोर्लीचा रघू आणि तळ्याचाच नामा. रघू दोन वर्षांनी मोठा. विद्या पुरी झाल्यावर मिस्त्रींनी दोघांना देवासमोर उभं केलं आणि वचन घेतलं. जो ज्या गावात राहतो, तिथलं वाद्य त्याचं. दुसऱ्याने त्या वेशीच्या आत हत्यार उघडायचं नाही. मात्र गुरुभावाने बोलावलं, तर हातातलं काम टाकून जायचं. दोघांनी बेलभंडार उचलला.

पुढे मिस्त्री गेले. तेराव्याच्या दिवशी त्यांच्या बायकोने त्यांचा घोटा फडक्यातून काढला आणि तो सगळ्यांदेखत नामाच्या हातात ठेवला. थोरला होता रघू. हात चांगला होता रघूचा, हे साऱ्या तळ्याला माहीत होतं. रघूच्या मस्तकात गेलं. भरल्या मांडवात तो म्हणाला, "मागून घेतलास व्हय रे नाम्या? बायामाणसाच्या मागं लागून?"

नामाने मान खाली घातली. रघू तसाच उठून एस.टी.ला गेला, आणि पुढची अकरा वर्षं तळ्याचं तोंड पाहिलं नाही.

आता जाहिरातीचं. तीन वर्षांपूर्वी बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या अल्पेशने रघूला पटवलं. नेटवर कुणी 'पखवाज दुरुस्ती' असं लिहिलं की सगळ्यात वर रघू मिस्त्रींचं नाव आणि फोन नंबर दिसायचा. अल्पेश बोटं चालवत म्हणाला, "काका, कुठं कुठं दाखवायची?"

"साऱ्या रायगडात दाखव की."

"आणि कुठं नको असं हाय काय?"

रघू म्हणाला, "तळा सोड."

"का वो? तिथं भजनी मंडळं काय कमी हायत?"

"गुरुभावाचं गाव हाय. वचन हाय माझं."

किती ताठ मानेने म्हणाला होता! पण मनात काय होतं, ते देवाला आणि त्याला माहीत. नामाच्या मोबाईलवर आपलं नाव उमटलं, तर तो एखादे दिवशी फोन लावील. गुरुभावाने बोलावलं तर जावं लागेल. म्हणून बोलावण्याची वाटच त्याने बुजवून टाकली. वचनाचा अर्धा भाग पाळला, तो उरलेला अर्धा मोडण्यासाठी. अल्पेशने तळा वगळलं, पुढे तो पनवेलला निघून गेला, आणि जाहिरातीचं सगळं काम रघूची सून तेजस्वी पाहू लागली. पोरगी हुशार. समुद्राकडच्या चार-पाच घरगुती हॉटेलांच्या जाहिराती तीच घरात बसून सांभाळते. पण वगळलेल्या गावाची गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी तळ्याचा कुलदीप नावाचा पखवाजी आपला पखवाज खांद्यावर घेऊन रघूच्या ओट्यावर आला.

"लय हिंडलो तुमच्यापायी, मिस्त्री. आमच्याकडं तुमची जाहिरातच येत न्हाय. परवा पहाटे माणगावला स्टँडवर गाडीची वाट बघत होतो, सहज बघितलं, तर पहिलंच नाव तुमचं! तळ्यात सतरा वेळा शोधलं. पुण्याची दुकानं दिसतात, मुंबईची दिसतात, बोर्लीचं न्हाय."

रघूच्या हातातली वादी ढिली पडली. "तळ्याचं वाद्य मी घेत न्हाय. नामाकडं न्या."

"नामाबुवाचं ऐकलं न्हाय व्हय तुम्ही? उजव्या अंगावरनं वारं गेलं. दोन महिने झाले. हात लुळा पडलाय. जीभ जरा जड, पण बोलतात. काळूराम मिस्त्रींचा तो जुना पखवाज त्यांच्याकडंच हाय, त्याची शाई पार उडालीय, तो समोर ठेवून बसलेले असतात ओट्यावर."

रघूने कुलदीपचा पखवाज घेतला नाही, पण त्याला पाण्याचा तांब्या दिला, चहा दिला, दुसऱ्यांदा चहा दिला. जिभेच्या टोकावर एकच प्रश्न होता. नामाचा नंबर हाय काय तुझ्याकडं? तेवढं विचारायचं होतं.

"तळ्याला नवीन स्टँड झाला म्हणं," असं म्हणाला तो.

"व्हय, झाला की," कुलदीप म्हणाला, आणि पखवाज तसाच खांद्यावर टाकून परत गेला.

तो गेल्यावर रघूला काम सुचेना. नामाचा हात गेला. गुरूचा पखवाज आता भरायचा, म्हणजे त्यावर नवी शाई चढवायची, तर दोनच हात होते, त्यातला एक पडला. आता तो मला बोलावणार, त्याच्या मनाने घेतलं. बोलावणारच. पण बोलावणार कसा? रघूचा जुना नंबर बंद होऊन किती वर्षं झाली. जाहिरात दिसली तर नंबर मिळेल, नंबर मिळाला तर फोन येईल, आणि फोन आला की कुणीच वाकलं नाही असं होऊन दोघं भेटतील. आपण थोरले, आपण कसं जायचं? तो बोलावील, आपण वचनाप्रमाणे जाऊ.

जेवताना त्याने सुनेला हळूच सांगितलं, "तेजू, तळ्यात आपली जाहिरात दिसत न्हाय म्हणतात. बघ जरा काय बिघडलंय."

बिघडलेलं काहीच नव्हतं, हे त्याला माहीत होतं. 'मीच वगळायला लावलं,' एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण ते बोलले की पुढचा प्रश्न येणार, का वगळलं? सुनेपुढे ते कसं सांगायचं? त्याला वाटलं, ही हुशार आहे, चाचपडत चाचपडत तिथवर पोचेल, आपोआप नीट करील, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

मंगळवारी तेजस्वीने पहिली गडबड शोधली आणि हसू आवरेना तिला.

"आबा, रोजचे पैसे सकाळी साडेसातलाच संपतात. म्हणजे दिवसभर जाहिरात कुणालाच नाही. आणि सगळी बोटं आपल्या बोर्लीतलीच!"

"म्हंजे?"

"जाहिरातीवर कुणी बोट लावलं की आपले पैसे कापले जातात. सकाळी सातला देवळापाशी कोण असतं?"

रघूची बायको सोनाबाई भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "कोण असणार? तुमचं भजनी मंडळ. घंटा वाजवतात, अंगारा लावतात, मग मोबाईल काढून तुमचं नाव शोधतात आणि त्यावर बोट ठेवतात. रघूदादाच्या नावाला हातभार, म्हणतात. मी पण लावते रोज एक."

"तू पण?"

"मग? नवऱ्याच्या धंद्याला बोट लावायचं न्हाय तर कुणाच्या?"

इतक्या मायेने कुणी कुणाचं नुकसान केलेलं तुम्ही ऐकलंय का? रघू संध्याकाळी देवळात गेला आणि हात जोडून सगळ्यांना सांगितलं, बाबांनो, बोट लावू नका. मंडळी हिरमुसली. एक म्हातारा म्हणाला, "आता सकाळी दर्शन पुरं झाल्यागत वाटायचं न्हाय रघू."

कुलदीप सोमवारी आपला नंबर ठेवून गेला होता. बुधवारी तेजस्वीने त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "न्हाय दिसत, वहिनी." मग तिने जाहिरातीतले शब्द वाढवले. कुणी मृदंग लिहीत असेल, कुणी पखवाज भरणे, कुणी नुसतंच शाई. ते शब्द मंजूर व्हायला दिवस गेला. रघू संध्याकाळी तीनदा तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा तिने मान वर केली.

"आबा, काही सांगायचंय का?"

"न्हाय. चहा घेणार का विचारायला आलो."

"तुम्ही चहा करणार?" ती हसली. त्याने खरंच चहा केला. शब्द मात्र गिळला.

गुरुवारी कुलदीपने फोन उचलला नाही. शुक्रवारीही नाही. "दोन दिवस नुसती रिंग जाते," तेजस्वी म्हणाली. "तळ्यात बघायला कुणी नाही तर कळणार कसं, दिसते की नाही ते?" रघू म्हणाला, "थांबू, घेईल तो." आणि थांबला. अकरा वर्षं थांबण्याची सवय झालेला माणूस, त्याला दोन दिवसांचं काय!

शनिवारी सकाळी तेजस्वीला एक युक्ती सापडली. जाहिरात तपासायचं एक वेगळं पान असतं म्हणे. घरी बसून तिथे गावाचं नाव घालायचं, की त्या गावातल्या माणसाला काय दिसेल ते दिसतं, आणि दिसत नसेल तर कारणही लिहून येतं. तिने तळा घातलं. मग तिने वळून सासऱ्याकडे पाहिलं.

"आबा, इथे लिहिलंय, ही जागा जाहिरातदाराने स्वतः वगळली आहे. एकच गाव आहे यादीत. कुणी केलं असेल? अल्पेशदादाची चूक?"

रघूला अजून एक पळवाट मिळाली होती बघा. अल्पेशच्या डोक्यावर घालून मोकळा झाला असता. पण रोज संध्याकाळी देवापुढे टाळ धरणारा माणूस तो. तेवढं त्याला जमलं नाही.

"अल्पेश न्हाय. मी सांगितलेलं."

"तुम्ही? मग सोमवारीच का नाही…" तेजस्वी बोलता बोलता थांबली. सासऱ्याचा चेहरा तिने पाहिला. पुढे काही न विचारता तिने तळ्यावरची फुली काढली. एका बोटाचं काम होतं ते.

रविवारी दुपारी फोन वाजला. मुलीचा आवाज होता.

"रघूकाका का? मी प्राची. तळ्याहून. नामा मिस्त्रींची मुलगी. काका, आज तुमची जाहिरात दिसली."

रघूने ओट्यावरची हत्यारांची पिशवी पायानेच जवळ ओढली. आनंदाने तो ओरडलाच. "प्राची? केवढीशी होतीस गं! बाबांना दे. दे फोन त्यांच्या कानाला. म्हणावं, रघ्या हत्यारं बांधतोय."

"काका, बाबा गेले. गुरुवारी पहाटे."

समोरच्या रस्त्यावरून एक टेम्पो सुपारीची पोती घेऊन गेला. रघूने तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मग त्याने विचारलं, "मग तू आज… जाहिरात कशी बघितलीस, पोरी?"

"बाबांनी सांगितलेलं, दिसेपर्यंत रोज बघत जा. ते गेल्यावर पण हात आपोआप जातो."

दुसऱ्या दिवशी रघू हत्यारांची पिशवी घेऊन निघाला. म्हसळा, माणगाव, इंदापूर करत दुपारी तळ्याला उतरला. नव्या स्टँडकडे त्याने बघितलंही नाही. नामाच्या ओट्यावर काळूराम मिस्त्रींचा पखवाज तसाच होता, उडालेल्या शाईचा. नामाची बायको नीराबाई दारात आली. कपाळ मोकळं. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या भावजी. लागलं का बोर्लीचं नेटवर्क?"

रघूने पायरीवरच डोकं टेकलं. "वहिनी, नेटवर्क कधी गेलंच नव्हतं. मी तळा वगळलेलं. आणि सोमवारी कळलं, हा आजारी हाय, तरी पाच दिवस मी सुनेला सांगितलं न्हाय. लाज वाटली. सोमवारी बोललो असतो तर…"

प्राची दाराआडून म्हणाली, "बाबांना ठाऊक होतं, काका. कुलदीपदादा तुमचा नंबर घेऊन आले होते. बाबा म्हणाले, नंबर नको मला. माणगावात दिसतेय आणि इथे नाही, म्हणजे रघूने तळा सोडलंय. ज्याने सोडलं तोच परत धरील. ज्या दिवशी माझ्या ओट्यावर त्याचं नाव दिसेल त्या दिवशी मी बोलावीन. मी म्हटलं, बाबा, आधीच बोलवा की. तर म्हणाले, बोलावलं तर तो येईल, वचनाचा पक्का आहे. पण मनात नसताना यायला नको."

नीराबाई आत गेली आणि फडक्यात बांधलेला घोटा घेऊन आली.

"हा घ्या. ह्याच्यावरनं झालं ना सगळं? तुम्हांला वाटलं, यांनी मागून घेतला. मिस्त्रींनी मरायच्या आधी बायकोला सांगून ठेवलेलं. रघूच्या अंगठ्यातच दगड हाय, त्याला कशाला? नाम्याचा हात कच्चा हाय, त्याला आधार होईल, त्याला द्या. हे त्या दिवशी मांडवात सांगितलं असतं तर तुमचं नाव झालं असतं आणि यांचा कच्चा हात चारचौघांत उघडा पडला असता. म्हणून गप्प बसले. त्यांनापण लाजच वाटली, भावजी. तुम्ही दोघं अगदी एका गुरूचे."

रघू कुलदीपच्या घरी आठ दिवस राहिला. रोज सकाळी नामाच्या ओट्यावर यायचा, शाईचा एक पातळ थर द्यायचा, गुरूच्या दगडाने घोटायचा, आणि तो वाळेपर्यंत नुसता बसून राहायचा, पुढ्यात पखवाज घेऊन, नामा बसायचा तसा. त्याचा अंगठा त्या दगडाला सरावलेला नव्हता. दगडाच्या एका बाजूला खळगा पडलेला होता, नामाच्या बोटाचा. रघूचं बोट त्यात बसत नव्हतं. त्याने दगड उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, आणि शेवटी आपलंच बोट वाकडं करून त्या खळग्यात बसवलं.

तेराव्याच्या संध्याकाळी भजन झालं. रघूने स्वतः कणीक मळली, पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावली आणि कुलदीपच्या मांडीवर पखवाज ठेवला. पहिली थाप पडली तेव्हा, ऐकणारे सांगतात, नीराबाई आतल्या खोलीतून म्हणाली, "हा मिस्त्रींचा आवाज." कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. रघू भजनात होता. नुसते ओठ हलत होते.

बोर्लीला परतल्यावर त्याने तेजस्वीला सांगितलं, "जाहिरातीत लिही, काळूराम मिस्त्रींचा शिष्य आणि तळ्याच्या नामा मिस्त्रींचा गुरुबंधू रघू."

"आबा, एवढी अक्षरं वरच्या ओळीत मावत नाहीत."

"मग माझं काढ."

"तुमचं काढून कसं चालेल? फोन कुणाला करतील लोक?"

बराच वेळ जोडतोड करून तिने ओळ बसवली. 'नामाचा गुरुबंधू रघू मिस्त्री.' अजून तीच आहे. साऱ्या रायगडात दिसते, तळ्यात सकाळपासून दिसते. भजनी मंडळाला बोट लावायची बंदी आहे, तरी सोनाबाई महिन्यातून एकदा लावते आणि म्हणते, "हे नामाभावजींच्या नावाचं."

ते बघा, बुवा आले, विणेकरी उभा राहिला. आता पखवाजावर कणीक चढेल. तर एवढंच मागणं आहे तुमच्याजवळ. मंगलाचरणाला पहिली थाप पडेल तेव्हा पळभर डोळे मिटा आणि तळ्याच्या त्या नामाची आठवण काढा, जो लुळा हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसला होता, आणि आपल्या भावाचं नाव दिसतंय का म्हणून रोज विचारत होता.